ड्रम कोअरचा ऑडिशन कॅम्प: पैसे कशाचे आणि जागा कोणाला

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये असणं आता काही नवलाचं राहिलेलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बँड डायरेक्टर सुचवतात, ड्रम कोअरचं ऑडिशन देऊन बघ. मूल फॉर्म घेऊन घरी येतं आणि आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: निवड होईल की नाही हेच ठाऊक नाही, मग हे दोनशे डॉलर कशाचे? हे परीक्षण त्याच प्रश्नावर आहे. ते कुठल्या एका कोअरचं नाही. ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआयच्या छत्राखालचे कोअर मुलं कशी निवडतात आणि कुठे बसवतात, त्या सगळ्या सेवेचं आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम कोअर म्हणजे मैदानावर चालत वाजवणारं, स्पर्धेत उतरणारं पथक. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी चालवलेल्या ड्रम आणि बिगुल पथकांतून ही परंपरा आली. डीसीआयची स्थापना १९७१ ची, पहिलं अजिंक्यपद १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झालं. आता ऑगस्टमधली अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर होते. वर्ल्ड क्लास (वरचा) आणि ओपन क्लास (धाकटा) असे दोन मुख्य गट आहेत. ब्रास (ट्रंपेट, ट्युबासारखी पितळी फुंकवाद्यं), तालवाद्यं आणि कलर गार्ड (झेंडे वगैरे घेऊन नाचणारा गट) एवढंच मैदानावर असतं. क्लॅरिनेट, फ्लूट, सॅक्सोफोन नाहीत. मे महिन्याच्या मध्यापासून किंवा शेवटापासून तीन-चार आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण, मग ऑगस्टपर्यंत दौरा. रात्री बसमध्ये किंवा शाळेच्या जिमच्या फरशीवर झोप, आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव. ब्लू डेव्हिल्स, ब्लूकोट्स, कॅरोलायना क्राउन, सांता क्लारा व्हॅनगार्ड, बॉस्टन क्रुसेडर्स, फँटम रेजिमेंट ही नावं मुलांच्या तोंडी असतात ती इथली.

आता मुद्द्यावर येऊ. ऑडिशनची फी निवडीसाठी नाही, शिकवणीसाठी आहे. आणि निवड गुणांवर होते हे अर्धंच खरं. उरलेली अर्धी ती रिकाम्या जागांवर होते. हे दोन्ही डोक्यात ठेवून पैसे भरले तर ही सेवा उत्तम आहे. यातलं एक विसरलं तर तेच पैसे महाग वाटतात.

जागांचा हिशोब असा. मैदानावर जास्तीत जास्त १६५ मुलं. त्यातली साधारण ७० ते ८० ब्रासची, ४० च्या आसपास कलर गार्डची, पंधराएक फ्रंट एन्सेम्बलची, म्हणजे मरिंबा, व्हायब्राफोन, टिंपनी, सिंथ वाजवणाऱ्यांची. बॅटरीत, म्हणजे ड्रम अंगावर बांधून चालणाऱ्यांत, स्नेअर आठ ते दहा, टेनर चार-पाच, बास ड्रम बहुधा पाच. शिवाय दोन-चार ड्रम मेजर. यातल्या बऱ्याच जागांवर गेल्या वर्षीचीच मुलं परत येतात. समजा नऊ स्नेअरपैकी सहा परत आले, तर जागा उरल्या तीन, आणि दारात पॅड घेऊन उभी असतात कितीतरी मुलं. त्याच कोअरमध्ये त्याच दिवशी ट्युबाच्या विभागात चित्र उलटं असू शकतं, कारण दहा-बारा किलोचं वाद्य खांद्यावर घेऊन पळायला तयार असणारे मुळातच कमी. म्हणून फी भरण्याआधी कोअरला ईमेल करून एकच गोष्ट विचारा: आमच्या विभागातून यंदा किती जण वयाने बाहेर पडले? तिथल्या भाषेत याला ‘एज-आउट’ म्हणतात. वयाच्या नियमाची मोजणी १ जूनच्या तारखेवर चालत आलेली आहे, त्यामुळे हा आकडा त्यांच्याकडे तयार असतो. चांगले कोअर मोकळेपणाने सांगतात. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच समजा.

यातूनच दुसरी गोष्ट येते, वाद्य बदलण्याची. सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुलाला कोअरमध्ये जायचं तर ब्रास घ्यावं लागतं किंवा गार्ड. बहुतेक मुलं ट्रंपेटकडे धावतात, कारण तो दिसतो. तिथेच चुकतं. ट्रंपेटचा माउथपीस लहान, ओठांची घडण व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि स्पर्धाही तिथेच दाट. बॅरिटोन किंवा ट्युबाचा मोठा माउथपीस नव्या ओठांना लवकर मानवतो. मे-जूनमध्ये सुरुवात करून रोज पाऊण तास दिला तर नोव्हेंबरपर्यंत ऑडिशन पॅकेटातले, म्हणजे कोअरकडून येणाऱ्या तयारीच्या साहित्यातले, साधे व्यायाम नीट वाजतात. पियानो शिकलेल्या मुलांनी फ्रंट एन्सेम्बलचा विचार जरूर करावा. सिंथची जागा अनेक ठिकाणी एक-दोनच असते, पण तिथे वाचून वाजवणारा हात दुर्मीळ असतो. तबला शिकलेल्यांना लय पक्की असण्याचा फायदा आहे, बोटांचा नाही. स्नेअरवर काम मनगटाचं, आणि काडी आपणहून उसळू देणं हे वेगळं शिकावं लागतं.

ऑडिशन पॅकेट हा या सेवेचा सगळ्यात सरस भाग, पाचपैकी साडेचार. शरद ऋतूत ते येतं, कित्येकदा नाव नोंदवताच फुकट किंवा नाममात्र पैशांत. त्यात त्या कोअरची वाजवण्याची आणि चालण्याची सगळी पद्धत शब्दांत आणि स्वरलिपीत लिहिलेली असते. ब्राससाठी श्वासाचे व्यायाम, लांब सूर, रेमिंग्टन, क्लार्कचे बोटांचे व्यायाम, एक कोराल, आणि दोन छोटे उतारे, एक गाता आणि एक वेगाचा. तालवाद्यांसाठी एट्स, अ‍ॅक्सेंट-टॅप, डबल बीट, रोल आणि फ्लॅमचे व्यायाम. काडीची उंची इंचांत दिलेली, तीन, सहा, नऊ, बारा. अर्धा मार्क यासाठी कापला की हालचालीचा भाग बहुतेक पॅकेटांत दोन पानांत उरकलेला असतो, आणि मुलं गळतात ती तिथेच.

एट्सचंच बघा. आठ ठोके उजव्या हाताने, आठ डाव्या, अखंड. दिसायला बालवाडीचा व्यायाम. पण शिक्षक बघतात तो आठवा ठोका. हात थांबायचा असतो म्हणून नकळत तो ठोका जोरात पडतो किंवा काडी वर निसटते, आणि नवा हात सुरू होताना आवाज पातळ होतो. ठोका पडल्यावर काडी कातड्याजवळ शांत थांबली पाहिजे. आता यात पायांची भर घाला. वाजवताना जागच्या जागी पाय मारायचे, मार्क टाइम. टाच घोट्याच्या हाडापर्यंत उचलायची, बोटं जमिनीला टेकलेली, आणि टाच जमिनीला लागते ती नेमकी मात्रेवर. पहिल्या मात्रेवर पडतो डावा पाय, आणि व्यायाम सुरू होतो उजव्या हाताने. घरी खुर्चीत बसून १८० च्या वेगाने सफाईने वाजवणारा मुलगा उभा राहून पाय मारायला लागला की १२० लाच विस्कटतो, कारण हात आणि पाय आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांना भेटलेले असतात. उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा: पहिल्या दिवसापासून उभं राहून, पाय मारत, मेट्रोनोमवर ८० पासून, आणि समोर आरसा. ब्राससाठीही हाच नियम. तिथे घोटाळा श्वासाचा होतो. श्वास भरून मूल क्षणभर अडवून धरतं आणि सूर उशिरा लागतो. आत जाणारा श्वास वळून लगेच बाहेर निघाला पाहिजे, झोपाळा टोकाला जाऊन परततो तसा.

ट्रंपेटवाल्यांना आणखी एक सांगायचं. उंच सूर काढून दाखवण्याची हौस आवरा. ऐकणाऱ्याला हवा असतो मध्यम आवाजातला, मधल्या सप्तकातला गोल, स्थिर सूर. शेजारच्या अकरा जणांत मिसळेल असा. वरचा सूर शिकवता येतो, फाटका सूर उन्हाळ्यात दुरुस्त करायला वेळ नसतो.

व्हिडिओ ऑडिशन स्वस्त पडतं आणि लांब राहणाऱ्यांना सोयीचं आहे. पण बघणाऱ्याला एकामागून एक व्हिडिओ तपासायचे असतात, म्हणून पहिल्या वीस सेकंदांतच मत तयार होतं. डोक्यापासून पायांपर्यंत शरीर चौकटीत हवं. पाय कापलेला व्हिडिओ म्हणजे अर्धी परीक्षा न दिल्यासारखं. एका दमात, जोडकाम न करता. मेट्रोनोमचा आवाज ऐकू आला पाहिजे, पण वाद्यावर चढता कामा नये. फोनजवळ न ठेवता तो आपल्या मागे ठेवला की दोन्ही जुळतात. बाथरूमसारख्या घुमणाऱ्या खोलीत रेकॉर्ड करू नका, तिथे स्वराची सुरुवात कळत नाही. बोलून ओळख करून देताना नाव, वय, वाद्य आणि दुसरं कुठलं वाद्य चालेल एवढंच. हे शेवटचं बहुतेक मुलं सांगत नाहीत, आणि जागा देताना तेच विचारात घेतलं जातं.

प्रत्यक्ष कॅम्प नोव्हेंबर ते जानेवारीत, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी दुपारी संपतो. फी कोअरप्रमाणे बदलते, दीडशे ते तीनशे डॉलरच्या आसपास. त्यात जेवण आणि झोपायला जिमची फरशी. शनिवारी सकाळी चालण्याचा वर्ग, मग विभागवार वादन, मग मोठा गट, मध्येच एकेकट्याने वाजवून दाखवणं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, साधारण ५७ सेंटिमीटर. जिममध्ये ओळीने हेच तासभर. बहुतेक ठिकाणी गुडघा सरळ ठेवून चालतात, मागे जाताना टाच उचलून चवड्यांवर. आता तर प्लीए, तांद्यू हे बॅलेचे प्राथमिक धडे ट्युबावाल्यांनाही चुकत नाहीत. शिक्षकांचा दर्जा फार वरचा असतो. देशातल्या नावाजलेल्या विद्यापीठांत शिकवणारी माणसं दोन दिवस हाताशी मिळतात. खासगी शिकवणीच्या दराने हिशोब केला तर एवढे तास या पैशांत कुठेच मिळणार नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलाने निवडीची अपेक्षा न ठेवता एक कॅम्प करावा, असं आम्ही निःसंकोच सांगतो.

सोबत काय न्यावं याची यादी प्रत्येक कोअर देतो. त्यातल्या तीन गोष्टी हलक्यात घेऊ नका. गॅलनभर पाण्याची बाटली, कारण मधल्या सुट्ट्या लहान असतात आणि सुकलेल्या ओठांनी ब्रास वाजत नाही. कानांसाठी इअरप्लग, तालवाद्यांना तर सक्तीने. आणि एकट्याच्या मापाची हवेची गादी; मोठी नेली तर जागा होत नाही. कपडे अंगाबरोबरचे, बहुतेक काळे, कारण ढगळ पँटमध्ये गुडघा वाकलेला दिसत नाही आणि शिक्षकाला तोच बघायचा असतो. शाकाहारी मुलांसाठी आरोग्याच्या फॉर्मवर आधी लिहिलं तर वेगळं जेवण ठेवतात, पण ते राजमा-शेंगदाणा बटरच्या पुढे फारसं जात नाही. पिशवीत मेतकूट आणि दाण्याची चटणी असू द्या, भातावर उपयोगी पडते.

सेवेची कमकुवत बाजू निकालाची. इथे पाचपैकी दोनच. उत्तरं चार प्रकारची येतात: करार, कॉलबॅक, राखीव यादी, नकार. करार आणि नकार स्पष्ट असतात. अडचण मधल्या दोघांची. कॉलबॅक म्हणजे पुढच्या कॅम्पला या, पुन्हा बघू. पुढचा कॅम्प दुसऱ्या राज्यात, विमानाचं तिकीट वेगळं, फी वेगळी, आणि तिथेही पुन्हा तेच उत्तर येऊ शकतं. कोअरच्या बाजूने कारण समजण्यासारखं आहे: जुनी मुलं परत येणार की नाही हे जानेवारीपर्यंत पक्कं होत नाही, त्यामुळे ते कोणालाच सोडत नाहीत. पण भुर्दंड पडतो तो घरावर. म्हणून पहिल्या कॉलबॅकलाच लेखी विचारा की अंतिम निर्णय कुठल्या तारखेला कळवणार. दोन कॅम्पनंतरही तारीख मिळत नसेल तर तिसऱ्याचं तिकीट काढू नका.

जागा ठरवण्याच्या बाबतीत मात्र या लोकांची नजर चांगली असते. स्नेअरसाठी आलेल्या मुलाला बास ड्रम देऊ केला की घरी तोंडं पडतात, ढोल-ताशा पथकात ताशा मागितला आणि ढोल मिळाला तसं वाटतं. तुलना इथे लागू पडत नाही. पथकात सगळे ढोल एकच ठेका धरतात. इथे पाच बास ड्रम पाच वेगवेगळ्या सुरांचे, आणि एकच ओळ पाच जणांत वाटलेली. एका मात्रेत चार ठोके, त्यातला पहिला एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा तिसऱ्याचा. तुमच्या वाट्याला आलेला एक ठोका बरोबर तिसऱ्या चतुर्थांशात पडला नाही तर ओळीला भोक पडतं आणि ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू येतं. दुसऱ्यांच्या ठोक्यांच्या पोकळीत स्वतःची जागा मोजणं हे स्नेअरपेक्षा हलकं काम अजिबात नाही. वर्षभर बास वाजवून पुढच्या वर्षी स्नेअरला गेलेली मुलं पक्क्या तालाची असतात.

याच नजरेचा दुसरा उपयोग म्हणजे मुलाला धाकट्या कोअरकडे पाठवणं. ब्लू डेव्हिल्सचा बी कोअर, आयोवातल्या कोल्ट्सचे कोल्ट कॅडेट्स, हे याच साखळीतले. कॅम्पमधला शिक्षकच सांगतो की यंदा तिकडे जा. हा नकार नव्हे. ओपन क्लासमध्ये दौरा आटोपशीर, फी कमी, आणि वाजवायला मिळणारं काम तेवढंच खरं.

पैशांचं सरळ सांगतो. वर्ल्ड क्लासची पूर्ण मोसमाची फी साधारण चार ते सहा हजार डॉलर, कॅम्पांचा प्रवास वेगळा. तरीही एका मुलावर होणारा सगळा खर्च त्यातून निघत नाही. उरलेला देणग्या आणि कार्यक्रमांतून येतो, कॅलिफोर्नियातल्या मोठ्या कोअरनी तर वर्षानुवर्षं बिंगो चालवून भागवला आहे. हप्ते पाडून देतात, शिष्यवृत्त्याही असतात, फक्त त्या करारानंतर लगेच मागाव्या लागतात. करारातलं परताव्याचं कलम सही करण्याआधी दोनदा वाचा: मुलाला दुखापत झाली तर काय, आणि कोअरचाच मोसम रद्द झाला तर काय. दुसरा प्रश्न कल्पनेतला नाही. सांता क्लारा व्हॅनगार्डने आर्थिक कारणांमुळे २०२३ चा मोसम सोडला, आणि १९३४ पासून चाललेले द कॅडेट्स २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. दोन्ही नावं पहिल्या फळीतली होती.

सुरक्षेबद्दलही तितकंच स्पष्ट विचारा. २०१८ मध्ये या क्षेत्रात गैरवर्तनाचे गंभीर आरोप जाहीर झाले आणि त्यानंतर नियम कडक झाले. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी, अल्पवयीन मुलांच्या झोपण्याची व्यवस्था, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळं लेखी धोरणात असायला हवं आणि ते कोअरच्या संकेतस्थळावर सापडायला हवं. सापडत नसेल तर फी भरू नका.

शाळेचं वेळापत्रक राज्याप्रमाणे वेगळं वागतं. टेक्सासमधल्या शाळा मेअखेर सुटतात, त्यामुळे दोन-चार दिवसांचीच ओढाताण होते. न्यू जर्सीत शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते आणि प्रशिक्षण मेमध्येच सुरू झालेलं असतं. पदवीदानासाठी सुट्टी देतात, अख्ख्या महिन्यासाठी नाही. एपीच्या परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत संपतात, त्या सहसा आड येत नाहीत. वर्गातल्या अंतिम परीक्षा येतात. समुपदेशकाशी फेब्रुवारीतच बोलून त्या आधी देण्याची परवानगी लेखी घ्यावी. मे महिन्यात विचारलं आणि नकार आला तर त्यात शिक्षकांचं चुकत नाही.

आणि हिवाळ्यात नकार आलेल्यांसाठी. एप्रिल-मेमध्ये जागा परत निघतात. कोणाला इंटर्नशिप मिळते, कोणाचा पाय मुरगळतो, कोणाचे पैसे जमत नाहीत. ट्युबा, मेलोफोन (फ्रेंच हॉर्नसारखं ब्रास वाद्य) आणि गार्डच्या जागांच्या जाहिराती तेव्हा कोअरच्या पानांवर येतात, कधी प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरही. या जागा पटकन भरतात, म्हणून आधीच एक फोल्डर तयार ठेवा: महिन्याभरातला ताजा व्हिडिओ, डॉक्टरांच्या सहीचा आरोग्य फॉर्म, विम्याच्या कार्डाची प्रत, शाळेची परवानगी, आणि चालतील अशी दोन वाद्यं. पहिला फोन सकाळी आला तर संध्याकाळपर्यंत सगळं पाठवता आलं पाहिजे, कारण त्याच विभागातल्या आणखी दोघा-तिघांना तो फोन गेलेला असतो.